होलपासून मागे मागे: मुलांना गोल्फ शिकवण्याचा क्रम

मुलाच्या हातात क्लब (गोल्फची काठी) आला की त्याला तो जोरात फिरवावासा वाटतो, आणि पालकांनाही तेच बघायचं असतं. शिकवणं नेमकं तिथेच बिघडतं. कोल्हापूरच्या तालमीत नव्या पोराला पहिल्याच दिवशी कुणी कुस्तीला सोडत नाही. आधी जोर-बैठका, मग पकड, मग डाव. गोल्फमध्ये सुरुवात होलजवळून, म्हणजे बॉल जिथे घालायचा त्या भोकाजवळून करायची आणि पायरी-पायरीने मागे सरकायचं. पुढची पायरी वय बघून द्यायची नाही, चाचणी पार झाली तरच द्यायची.

सामान फार लागत नाही. नियमाने खेळाडूला १४ क्लब नेता येतात. मुलाला पटर (बॉल जमिनीवरून होलकडे घरंगळवायचा क्लब), ७ किंवा ९ नंबरचं आयर्न (बॉल उडवायचा धातूच्या डोक्याचा क्लब) आणि एक वेज (जास्त तिरक्या तोंडाचा क्लब) पुरे. मोठ्यांचे क्लब कापून देतात, त्यात पटर कापला तर चालतो, कारण त्याची दांडी लवण्याची गरज नसते. आयर्न कापू नका. दांडी आखूड झाली की ताठर होते आणि क्लबचं डोकं मोठ्यांच्याच वजनाचं राहतं. ते पेलायला मूल मागे रेलतं, आणि रेलायची ही सवय पुढे लवकर सुटत नाही. होलचा व्यास १०८ मिमी असतो. मैदानात ११० मिमीच्या पीव्हीसी ड्रेनेज पाइपचा वीतभर तुकडा पुरला की काम झालं.

पहिली पायरी पटिंग, म्हणजे पटरने बॉल होलात घालणं. जून ते सप्टेंबर मैदान ओलं असतं, तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये कार्पेट टाकून हीच पायरी पक्की करावी. डोळे बॉलच्या वर, खांदे झोपाळ्यासारखे हलतील, मनगटं गप्प. मनगट मोडलं की पटरचं तोंड (बॉलला लागणारी बाजू) फिरतं आणि मीटरभरावरूनही बॉल चुकतो. उपाय सोपा आहे: एक फूटपट्टी पटरच्या मुठीला आणि डाव्या मनगटाला टेकेल अशी सैल रबरबँडने बांधा. मनगट वाकलं की पट्टी टोचते, सांगावं लागत नाही. (इथलं सगळं उजव्या हाताच्या मुलासाठी आहे, डावखुऱ्याला आरशासारखं उलटं.)

दुसरी चूक म्हणजे बॉल मारायच्या आधीच मान वर. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच राधानगरी तालुक्यातल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. नेम धरून निश्चल राहणं म्हणजे काय, हे इथल्या मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. एक स्टीलची वाटी कार्पेटवर आडवी ठेवा, तोंड मुलाकडे. नियम एकच: ‘टण्’ आवाज आला की मगच बघायचं. आठवडाभरात मान आपोआप खाली राहायला लागते.

अंतराचा अंदाज यावा म्हणून १०८ मिमीचा कागदी गोल चिकटवा. बॉल त्यावरून जाऊन पुढे दोन फुटांच्या आत थांबला तरच होल धरायचा. चाचणी: १ मीटरवरून १० पैकी ७, २ मीटरवरून १० पैकी ४.

दुसरी पायरी चिप, म्हणजे बॉल थोडा उडून मग घरंगळेल असा छोटा फटका, आणि सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. पाय जवळ, वजन डाव्या पायावर, बॉल मधल्या रेषेच्या जरा मागे, हात बॉलच्या किंचित पुढे, झोका पटरएवढाच. होलजवळ न नेमता ३ मीटरवर दोरीचं मीटरभर रुंद कडं ठेवा. बॉल कड्यात पडून पुढे घरंगळला पाहिजे. प्रत्येक मूल विचारतं, “सर, बॉल उचलायचा कसा?” उत्तर: “उचलायचा नाही, गवत झाडायचं.” उचलायला गेलं की क्लब आधी जमिनीत रुततो किंवा बॉलच्या डोक्याला लागून तो सरपटत जातो. बॉल वर काढायचं काम क्लबच्या तिरक्या तोंडाचं आहे. बॉलच्या मागे वीतभर अंतरावर घडी घातलेला नॅपकिन ठेवा. नॅपकिनला क्लब लागला तर तो फटका मोजायचा नाही. १० पैकी ५ बॉल कड्यात पडले की पुढे.

इथपर्यंत आलं की पकड तपासा. लहान हातांना दहा बोटांची पकडच बरी. बोटं लांब झाली की करंगळी-तर्जनी अडकवायला शिकवा. क्रिकेट खेळणारी मुलं मूठ तळव्यात घट्ट आवळतात, मग क्लबचं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं राहतं आणि बॉलही उजवीकडे वळतो. मूठ बोटांच्या मुळाशी यावी, डाव्या हाताची दोन पेरं वरून दिसावीत, आणि दाब सोललेलं केळं चेंगरणार नाही एवढाच.

तिसरी पायरी अर्धा झोका. हात मागे कमरेपर्यंत, पुढेही कमरेपर्यंत. जमलं की छातीपर्यंत. १५, २५ आणि ३५ मीटरवर पोती टाका. फटक्यानंतर पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे, उजवी टाच वर, आणि बॉल थांबेपर्यंत तसंच उभं राहायचं. तोल गेला म्हणजे जोर जास्त लावला. होळीनंतर जमीन दगडासारखी होते आणि क्लब उसळून मनगटाला हिसका बसतो. तेव्हा काथ्याच्या पायपुसण्यावर बॉल ठेवून मारावं.

पूर्ण झोका चौथा. ७ नंबरचं आयर्न, टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) गवताच्या जेमतेम वर. तिसरी पायरी पक्की असेल तर इथे शिकवायला फारसं उरत नाही.

सुरक्षिततेत तडजोड नको. दोन मुलांमध्ये ४ मीटर. सगळ्यांनी एका शिट्टीवर मारायचं, दुसऱ्या शिट्टीवरच बॉल गोळा करायचे. डावखुरा ओळीच्या टोकाला, शेजाऱ्याशी समोरासमोर. शहरातल्या मैदानांवर फुटबॉलचा सराव चालू असतो, घरंही लागून असतात. तिथे छिद्रांचे प्लॅस्टिक बॉलच वापरा. खरा बॉल ४५ ग्रॅमच्या आसपास असतो, पण टणक असल्याने डोकं फोडतो.

शेवटी खेळ: ४०, ६० आणि ८० मीटरचे तीन होल. होलपासून लांब असेल त्याने आधी मारायचं, दुसऱ्याच्या पटिंगच्या रेषेवर पाय द्यायचा नाही. फटके ज्याचे त्याने मोजायचे, पण एका होलला ८ झाले की बॉल उचलायचा. रडकुंडीला आलेलं मूल पुढच्या रविवारी येत नाही. आणि उखडलेलं ढेकूळ परत जागेवर बसवून पायाने दाबायचं, मगच पुढच्या होलकडे.