जुना ट्रॅक्टर उभा करताय? या चुका टाळा

मराठवाड्यात जुन्या ट्रॅक्टरची वाण नाही. कुठल्याही आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) जा, लिंबाखाली नाहीतर कोठ्याच्या आडोशाला एखादी मॅसी १०३५, लाल बी-२७५ किंवा दोन सिलिंडरची एचएमटी २५११ उभी सापडतेच. आजोबांची गाडी पुन्हा चालू करायची हौस आता वाढलीय आणि ती वाढावीच. दुःख एवढंच, की वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाऊन वाचलेलं इंजिन हौसेच्या पहिल्याच दिवशी मारलं जातं. कारण खंडेनवमीला पूजेला चालू गाडी हवी असते आणि हाताशी दोन रविवार असतात.

टोचन लावून इंजिन सोडवणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीनं होतं. गाडी जॅम आहे, सेल्फ मारला तर नुसता 'टक्' आवाज येतो. मग दुसरा ट्रॅक्टर आणायचा, साखळी बांधायची, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा.

जालन्याकडच्या एका आखाड्यावरच्या १०३५चं असंच झालं. उभ्या सायलेन्सरवर डबा नव्हता. पावसाचं पाणी त्यातून थेट उघड्या राहिलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवाटे मागच्या सिलिंडरमध्ये उतरत राहिलं. ओढल्यावर मागची चाकं आधी मुरमावर घसरली, मग कडाडून आवाज झाला आणि इंजिन फिरलं. जमलेल्यांना वाटलं, जमलं. हवेच्या पाईपात स्टार्टिंग स्प्रे मारून गाडी चालूही झाली. धूर निळा, आवाज ठोक्याचा, आणि थोड्या वेळात बंद. हेड उचललं तेव्हा मागचा कनेक्टिंग रॉड वाकलेला, लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याला) उभी चीर, रिंगांचे तुकडे आणि अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉडचं धनुष्य झालेलं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना त्याला जागा मिळाली नाही की रॉडच वाकतो. आठवडाभर तेल मुरवलं असतं तर कदाचित रिंगांच्या एका संचावर भागलं असतं.

जॅम इंजिन सोडवायची माझी पद्धत संथ आहे आणि ती बदलायचं कारण दिसत नाही. आधी चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन नट एकेक आटा सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी असतं आणि पहिल्यांदा तेच येतं. किती आलं यावरून आत काय वाढून ठेवलंय ते कळतं. मग रॉकर कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह दाबून बघा, स्प्रिंगनं परत येतो का. सगळी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढा, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर बारीक नळीनं ओढून घ्या. नंतर निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल असं मिश्रण प्रत्येक सिलिंडरमध्ये ५० ते १०० मिली ओता, भोकांवर कापड झाका आणि गाडीला हात लावू नका. रोज पातळी बघा. ज्या सिलिंडरमधलं तेल उतरत नाही, तोच बहुधा गुन्हेगार.

आठ-दहा दिवसांनी गिअर न्यूट्रल करून पुढच्या पुलीच्या नटावर गोटी पाना लावा आणि मागे-पुढे, मागे-पुढे हलवा. केसभर हललं तरी थांबा, पुन्हा तेल सोडा. पान्याला सहा फुटी पाईप लावून लोंबकळू नका. पंधरवड्यात काहीच हललं नाही तर हेड आणि चेंबर उतरवा, रॉडच्या कॅप सोडा आणि अडकलेला पिस्टन लाकडाच्या ठोकळ्यावर हलके ठोके देत काढा. लोखंडी पहार थेट पिस्टनवर ठेवणाऱ्याच्या हाती हातोडा देऊच नये.

इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे मोकळं फिरलं की नवं ऑइल भरा, थोडं रॉकरवर ओता, आणि स्टॉप ओढून, नोझल काढलेलीच ठेवून सेल्फ मारा. दहा-पंधरा सेकंद फिरवायचा, दोन मिनिटं विसावा द्यायचा. ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत डिझेलचं नाव काढायचं नाही. हे पहिलं ऑइल दहा तासांनी काढून टाका; त्यात गंज आणि कचरा उतरलेला असतो.

पहिल्या स्टार्टला फळी जवळ नसणं

जुनं डिझेल पंपात सुकून चिकट होतं. मॅसीच्या रोटरी पंपात डिझेल मोजून सोडणारा मीटरिंग व्हॉल्व्ह चिकटतो, उभ्या प्लंजरच्या पंपात डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, म्हणजे रॅक चिकटते. हवेवर चालणारा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) असेल तर त्याचा डायफ्रॅम फाटलेला निघतो. तिन्ही बाबतींत परिणाम एकच: इंजिन चालू होताच आरपीएम चढत जातो आणि स्टॉप ओढून ते थांबेलच असं नाही. अशा वेळी हवा तोडणं हा भरवशाचा उपाय आहे. म्हणून पहिल्या स्टार्टला एअर क्लीनरचा पाईप सोडून ठेवा आणि इनटेकवर बसेल अशी सपाट फळी घेऊन एक माणूस तिथेच उभा करा. हाताचा तळवा लावायचा नाही, ओढ फार जोराची असते. रॅक असलेल्या पंपाचं बाजूचं झाकण उघडून ती बोटानं सरकते का हे आधीच बघितलं, तर ही वेळच येत नाही.

नोझलचा फवारा तपासताना त्यासमोर हात धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट जायची पाळी येते.

हवा काढायचा क्रम ठरलेला आहे: हातपंप मारत आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलकडचे पाईप. मधूनच सुरुवात करणारा दिवसभर सेल्फ मारत बसतो आणि बॅटरीला दोष देतो. नोझलखालची जुनी तांब्याची चकती भोकातच राहिलीय का, हेही बघा. तिच्यावर दुसरी बसवली की नोझल वर उचललं जातं आणि कॉम्प्रेशन गळतं.

बोअरचं पाणी आणि काढून फेकलेला थर्मोस्टॅट

आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड आहे. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या पाण्याच्या वाटांत चढतो. थर पातळ असला तरी उष्णता अडवतो. मग वैशाखात ४२-४३ अंशांच्या उन्हात गाडी उकळते आणि कुणीतरी सल्ला देतं, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाक.

हा सल्ला ऐकू नका. बायपास असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच फिरतो, म्हणजे उन्हाळ्यात त्रास वाढू शकतो. हिवाळ्यात उलटं: इंजिन थंडच राहतं, डिझेल पुरतं जळत नाही, लायनरवरचं ऑइल धुऊन निघतं आणि चेंबरमध्ये काळा गाळ साचतो. थर्मोस्टॅट तपासायला अवघड नाही. तो दोरीनं पातेल्यात लोंबकळत सोडा, पाणी तापवा, थर्मामीटर धरा. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास उघडायला लागला तर ठीक, नाहीतर नवा घ्या.

थर काढायला दहा लिटर पाण्याला अर्धा किलो सायट्रिक ॲसिड पुरतं. थर्मोस्टॅट तेवढ्यापुरता बाहेर ठेवून अर्धा तास गाडी चालवा, कोमट झाल्यावर पाणी सोडा. पिवळट-तपकिरी पाणी येणं थांबेपर्यंत पुन्हा करा, मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं आणि शेवटी दोनदा साध्या पाण्यानं धुवा. रात्रभर ॲसिड आत ठेवू नका. संडास साफ करायचं ॲसिड तर अजिबात नको, ते थराबरोबर धातूही खातं. ब्लॉकच्या बाजूचा छोटा नळ उघडूनही थेंब आला नाही, तर ब्लॉक रिकामा झाला असं समजू नका. आत गाळ दाटलाय. तारेनं टोचा. मागच्या सिलिंडरभोवती तो सगळ्यात जास्त असतो.

यानंतर पावसाचं किंवा आरओचं पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. एचएमटीसारख्या ओल्या लायनरच्या (ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं अशा) इंजिनात कूलंट हवंच. नाहीतर लायनरला बाहेरून टाचणीसारखी भोकं पडतात. आणि उकळलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेड तडकतं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

बाकीच्या, तितक्याच महागात पडणाऱ्या

इंची बोल्टच्या जागी मिलिमीटरचा बोल्ट हाणणं. मॅसीचे जुने बोल्ट इंची आहेत. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी, त्यात १० चा बोल्ट घातला की आटे गेले. ९/१६ चा नट १४.३ मिमीचा, त्यावर १४ चा पाना बसत नाही आणि १५ चा कोपरे खातो. इंची पान्यांचा एक संच घ्याच.

मॅसी मध्यातून दोन भागांत वेगळी करताना पुढच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी न ठोकणं. ॲक्सल मधल्या पिनवर डोलतो, गाडी सुटली की इंजिन एका अंगावर कलंडतं. नुसत्या जॅकवर तर कधीच काम करू नका.

हायड्रॉलिकचं ऑइल दुधाळ दिसत असूनही तसंच ठेवणं. मॅसीत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्टला एकच ऑइल असतं. गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून पाणी शिरलं की तिन्ही एकदम जातात. सगळं काढा, रबर बदला, मगच नवं भरा.

टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट कानानं लावणं. मॅसी १०३५ मधल्या सिम्पसनच्या तीन सिलिंडरला थंड इंजिनावर ०.३० मिमी. फट मोजायचं फिलर गेज काही फार महाग नाही.

बॅटरी उलटी जोडणं. डायनॅमोच्या जुन्या मॅसीत मूळ वायरिंगनुसार प्लस अर्थला (गाडीच्या बॉडीला) असू शकतो. आधीच्या मिस्त्रीनं ते बदललंय का, हे डायनॅमो आणि ॲमीटरच्या वायरी बघून ठरवा, मगच टर्मिनल कसा.

आणि रंग. गळती थांबायच्या आधी रंग मारायचा नाही. ग्रीस निपल, रबरी पाईप, टाय रॉडचे सांधे रंगात बुडवायचे नाहीत. ग्राइंडरची तारेची चकती चासी नंबरावर फिरवणं ही तर न भरून येणारी चूक आहे. नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि तपासणीत आरसीवरचा नंबर गाडीवर वाचता आला नाही तर सगळी मेहनत तिथेच अडते. रंगकामाआधी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घ्या, फोटो काढा, कंपनीची पट्टी रिबिट कापून वेगळी ठेवा आणि नंबराच्या जागेवर दोन पदरी टेप लावा.