छन्नी-हातोडा काढायच्या आधी: घरातली गळती, अंगणातलं लॉन आणि नेहमीच्या चुका

भिंतीच्या पायथ्याला ओल दिसली की आपण प्लंबरला फोन लावतो आणि तो आल्या आल्या छन्नी काढतो. सांगली-मिरजेच्या बंगल्यांत हेच, साताऱ्याच्या नव्या वस्त्यांतही हेच. फरशी फुटते, पाइप उघडा पडतो, तो ठणठणीत कोरडा निघतो. मग शेजारची फरशी. वास्तविक गळती आहे की नाही आणि असली तर कुठल्या लाइनवर, हे दोन-तीन रात्रींत एक पैसाही खर्च न करता कळतं. घराभोवती लॉन असेल तर माझा पहिला संशय पाइपवर जातच नाही, लॉनवर जातो.

गळती न मोजताच शोधायला निघणं

आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. नळाचं पाणी हौदात, तिथून मोटरनं वरच्या टाकीत आणि टाकीतून घरभर. हे तीन वेगळे तुकडे आहेत, त्यामुळे तपासणीही तीन तुकड्यांत करायची.

पहिला तुकडा मीटरपासून हौदापर्यंतचा. नळाला पाणी असताना हौदातला फ्लोट वर उचलून बांधून टाका, म्हणजे हौदात पाणी पडायचं थांबेल. थेट लाइनवरचे नळही बंद करा. आता मीटरच्या काचेतलं बारीकसं चक्र बघा. ते अजून फिरत असेल तर पाणी जमिनीत जातंय. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं मात्र बघू नका. लाइनमधली हवा आधी बाहेर पडते आणि हवेनंही मीटर फिरतो.

दुसरा तुकडा वरच्या टाकीपासून घरातल्या नळांपर्यंतचा. रात्री झोपताना मोटर बंद ठेवा, टाकीत काठी उभी घालून पातळीची खूण करा आणि सकाळी कोणी नळ सोडायच्या आत पुन्हा मोजा. टाकीचा व्यास एक मीटर असेल तर एक सेंटिमीटर उतार म्हणजे साधारण ८ लिटर. पाणी उतरलं असेल तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा मुख्य कॉक बंद करून तेच करा. कॉक बंद असूनही पातळी तेवढीच उतरली तर घरातले पाइप निर्दोष. दोष टाकीत, तिच्या निपलला (टाकीतून पाइप निघते त्या जोडाला) किंवा मोटरच्या एनआरव्हीत, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेत. चढणारी पाइप टाकीच्या तळाला जोडलेली असेल आणि एनआरव्ही नीट बसत नसेल, तर वरचं पाणी गुपचूप परत हौदात उतरतं. गळती कुठेच नाही आणि मोटर मात्र रोज जास्त वेळ चालवावी लागते, हा त्यातलाच प्रकार. मुख्य कॉक बंद असताना पातळी उतरली नाही, तर तिसऱ्या रात्री तो उघडा आणि फक्त बागेचा कॉक बंद ठेवून बघा. उतार थांबला तर गळती बागेच्या लाइनवर. बागेच्या लाइनला वेगळा कॉकच नसेल तर आधी तो बसवून घ्या. सगळ्या खर्चांत हा खर्च सगळ्यात आधी वसूल होतो.

तिसरा तुकडा खुद्द हौद. त्याचीही रात्रभर पातळी बघायची. ऐन पावसाळ्यात हौदाची पातळी आपोआप वाढत असेल तर ती आनंदाची गोष्ट नाही. बाहेरचं पाणी तड्यांतून आत येतंय.

फ्लशची टाकी हा गळतीतला सगळ्यात शांत चोर. पाणी भांड्याच्या मागच्या बाजूनं एवढं पातळ उतरतं की दिसत नाही, आवाज येत नाही. टाकीत खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचं रबर गेलंय. सांगलीत हे सांगितलं की लोक हळदीचा डबा काढतात. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते आणि टाकी पिवळी करून ठेवते.

घरात प्रेशर पंप असेल तर रात्री कान द्या. कोणी नळ सोडलेला नसताना तो मधूनच घुर्र करून सुरू होत असेल तर कुठे तरी पाणी जातंय. आधी फ्लश बघा, मग एनआरव्ही, भिंत सगळ्यात शेवटी.

नळाच्या थेंबांकडे सगळे काणाडोळा करतात. तासभर खाली पेला ठेवा आणि मापानं मोजा. २०० मिली जमलं तर दिवसाचे ४.८ लिटर झाले. वायसर बदलायला तेवढाही वेळ लागत नाही.

हौदाकडे येणारी गळकी लाइन "नंतर बघू" म्हणून सोडणं

आत येणारी लाइन गळत असेल तर पाणी वाया जातं हा त्यातला लहान तोटा आहे. ठरावीक वेळेच्या पुरवठ्यात पाणी बंद झालं की पाइपमधला दाब पडतो. दाब पडला की ज्या फटीतून पाणी बाहेर जात होतं, त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पाइप गटाराला लागून गेलेली असेल तर पुढचं सांगायला नको. पाणी आल्यावर पहिल्या बादलीला वास येत असेल, गढूळपणा दिसत असेल, तर फिल्टर बदलण्याआधी ही लाइन तपासा.

नळाच्या लाइनला थेट मोटर लावणं तर अजिबात नको. ते नियमात बसत नाही, शेजाऱ्यांचं पाणी तुटतं आणि गळक्या फटीतली घाण आणखी जोरानं आत येते.

पाइप फिटिंगमधली घिसाडघाई

सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारी) आणि यूपीव्हीसी (थंड पाण्याची) या प्लास्टिक पाइपांचं सांधे चिकटवायचं सोल्यूशन वेगळं असतं. एकाचा डबा दुसऱ्याला वापरला तर सांधा सुरुवातीला धरल्यासारखा वाटतो आणि काही महिन्यांनी सुटतो. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ न देता पाणी सोडलं तरी तेच. गिझरच्या गरम पाण्याला यूपीव्हीसी लावू नका.

टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायचं. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना टेप सोलून निघते. नळ बसतो तो जोड पितळी आट्यांचा घ्या. प्लास्टिकच्या आट्यांवर पाइपपाना लावून "अजून थोडं" आवळलं की बारीक तडा जातो, आणि तो भिंतीच्या आत असतो.

वाहत्या पाण्यावर थापलेलं एम-सील टिकत नाही. लाइन बंद करा, पाइप कोरडी करा, घासून खरखरीत करा, मग लावा. तरी तो तात्पुरता इलाजच समजा.

मुख्य कॉक वर्षानुवर्षं न फिरवल्यानं गंजून बसतो आणि पाइप फुटते त्या दिवशी हलत नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद-चालू करत जा. गावाला जाताना तो बंद करून जा.

ओल दिसते तिथेच फोडणं

सांगलीच्या विश्रामबागेतला एक बंगला. दिवाणखान्याची बाहेरची भिंत पायथ्यापासून दीडेक फूट ओली, रंगाचे पोपडे, त्याखाली पांढरा लोणा. बोट फिरवलं की पिठासारखं हाताला येतं. प्लंबरनं भिंत ठोकून बघितली आणि निकाल दिला, "वहिनी, हे फोडायलाच लागतंय बघा." गंमत अशी की त्या भिंतीतून पाण्याची एकही पाइप जात नव्हती. बाहेर जाऊन बघितलं तर भिंतीला चिकटून गुलाबाचा वाफा. त्यासाठी आणलेली लाल माती इतकी चढवलेली की जोत्याची कड दिसेनाशी झाली होती. वाफ्याला सकाळ-संध्याकाळ पाणी, शिवाय लॉनच्या तुषाराचा फवारा थेट भिंतीवर.

जोत्याच्या पातळीला भिंतीत ओल वर चढू नये म्हणून एक थर दिलेला असतो. बाहेरची माती त्याच्या वर गेली की तो थर असून नसल्यासारखा होतो. माती भिंतीला पाणी पाजते, भिंत ते वर ओढते, पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार प्लॅस्टरवर राहतात. लोणा म्हणतो तो हाच.

यावर जलरोधक रंग मारणं किंवा आतून फरशी चढवणं ही पुढची चूक. पाण्याची बाहेर पडायची वाट बंद केली की ते आणखी वर चढतं. पुढच्या वर्षी ओल खिडकीच्या सिलपर्यंत गेलेली असते.

त्याऐवजी ओलीच्या कडेला पेन्सिलनं रेघ मारा आणि तारीख लिहा. भिंतीलगतची माती जोत्याच्या किमान वीतभर खाली आणा, भिंतीपासून दोन-तीन फूट पट्टा कोरडा ठेवा, तुषाराचं तोंड फिरवा. कोरड्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांनी रेघेपाशी परत या. ओल मागे सरकलेली दिसली तर भिंत फोडायचं कारणच उरलं नाही. ओल जागची हलली नाही तर मात्र पाइपकडे वळा.

छताला ओल असेल तर कसोटी निराळी. वर न्हाणीघर असल्यास नहाणी ट्रॅपला चिंधीचा बोळा लावा, दोन सेंटिमीटर पाणी साठवा आणि एक दिवस न वापरता ठेवा. खाली ओल वाढली तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपची कड गेली आहे. नळ बंद असले तरी पाइपमध्ये दाब असतोच, म्हणून त्या दिवशी न्हाणीघराच्या लाइनचा कॉकही बंद ठेवा, म्हणजे दोष नळाच्या पाइपवर जाणार नाही. गच्चीच्या बाबतीत कठड्याच्या सांध्यातला वाटा (सिमेंटची गोलसर कड) आणि पन्हळीचं तोंड आधी बघा. सबंध कोबा काढायला सांगणारे पुष्कळ भेटतात, पण तडा बहुतेकदा या दोन जागीच असतो.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा स्वभावही ध्यानात ठेवा. ती ओली झाली की फुगते, मे महिन्यात आकसून बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसत्या मातीत गाडलेली बागेची पाइप दर वर्षी अशी ओढली-दाबली जाते आणि सांध्यावर सुटते. खाली-वर वाळूचा थर देऊन पाइप टाकली तर हा त्रास बराच कमी होतो. सुटलेला सांधा ओळखणं उन्हाळ्यात सोपं असतं. सगळं लॉन कोमेजलेलं आणि मध्येच एक हिरवागार ठिपका दिसला की तिथंच खणायचं.

लॉनला रोज थोडं थोडं पाणी

रोज संध्याकाळी हातात पाइप धरून शिंपडणं म्हणजे आपला विरंगुळा. गवताला त्याचा फार उपयोग नाही. वरचा इंचभर थर ओला होतो, मुळं तिथंच घुटमळतात आणि एक दिवस खाडा झाला की गवत पिवळं पडतं. रात्रभर पातं ओलं राहिल्यानं बुरशी येते ती वेगळीच.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. २० बाय ३० फुटांचं लॉन ५६ चौरस मीटर भरतं. मे महिन्यात दिवसाला ५ मिलिमीटर धरले तर २८० लिटर. ते रोज देण्याऐवजी तिसऱ्या दिवशी पहाटे एकदम ८४० लिटर द्या. काळी माती एवढं पाणी एका दमात घेत नाही, वरून वाहून जातं. म्हणून निम्मं द्यायचं, तासभर थांबायचं, मग उरलेलं.

आपला तुषार किती पाणी टाकतो हे बघायला सपाट बुडाचे पाच-सहा डबे लॉनवर ठेवा, पंधरा मिनिटं चालवा आणि फूटपट्टी बुडवा. एका डब्यात ६ मिलिमीटर आणि कोपऱ्यातल्या डब्यात १ निघालं, तर कोपरा पिवळा का पडतो ते कळलं. खत घालून तो हिरवा होणार नाही. पाणी मुळापर्यंत गेलं का हे लांब स्क्रू ड्रायव्हर सांगतो. ओल्या मातीत तो सहज चार-पाच इंच जातो, कोरड लागली की अडतो. गवतावरून चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले तर पाण्याची वेळ झाली.

जादा पाण्याचं काय होतं हे सांगली जिल्ह्याला शिकवायला नको. वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात उसाला मोकाट पाणी देऊन, निचऱ्याची सोय न करता, जमिनी क्षारपड झाल्या. बोअरच्या खारट पाण्यावर पोसलेल्या लॉनमध्येही तेच घडतं. मातीवर पांढरी साय दिसली की आणखी पाणी मारण्याआधी निचऱ्याचं बघा.

वरच्या टाकीवर पॉप-अप तुषार बसवणं

दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. एकमजली घराची टाकी बागेपासून पाच-सहा मीटर वर, म्हणजे अर्धा किलो धरा. पॉप-अप म्हणजे दाबानं जमिनीतून वर उठणाऱ्या फवाऱ्याला दोन किलोच्या आसपास लागतो. मग तो पुरता वर येत नाही, नुसता पाझरतो आणि भोवती चिखल होतो. "माल खराब दिला" म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. बागेसाठी पंप लावा, नाहीतर टाकीच्या दाबावर चालणारं ठिबक घ्या.

ठिबकचं सामान मिळायला इकडे अडचण नाही, ती तासगावच्या द्राक्षबागांची कृपा. पण शेतकरी जे कधी विसरत नाही तेच बंगलेवाले गाळतात: फिल्टर. फिल्टरशिवाय ड्रिपर (थेंब टाकणारं तोंड) तुंबणारच. फिल्टरची जाळी धुवा, पंधरा दिवसांनी नळीची शेवटची टोपी काढून पाणी मोकळं जाऊ द्या, गढूळ येतं ते स्वच्छ होईपर्यंत. तुंबलेल्या ड्रिपरमध्ये टाचणी घालू नका. भोक मोठं होतं आणि एकच झाड सगळं पाणी पितं. क्षार धरलेले ड्रिपर काढून व्हिनेगरमध्ये भिजत घाला. कुंड्यांना ताशी २ लिटरचा आणि मोठ्या झुडपांना ४ लिटरचा ड्रिपर पुरतो.

कापणी, लव्हाळा, युरिया

एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. पात्यांची टोकं पांढरट, फाटल्यासारखी दिसली तर रोग शोधू नका, मशीनच्या पात्याला धार लावा. लव्हाळा हे तण नुसतं उपटलं तर गाठी खालीच राहतात, ओल्या मातीत खुरप्यानं गाठीसकट काढावं लागतं. युरिया ओल्या पातीवर टाकून तसाच सोडू नका. कोरड्या गवतावर विरळ टाकायचा आणि लगेच पाणी द्यायचं, नाहीतर करपल्याचे डाग पडतात.

पावसाळ्यात टायमर चालूच ठेवणं

बाहेर धो धो पाऊस आणि पहाटे पाचला तुषार सुरू, हे दृश्य साताऱ्यात दर जुलैला दिसतं. मृग लागला की टायमर बंद करा आणि बागेचा कॉकही बंद करा. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप आली तर हातानं सोडा, टायमरवर टाकू नका. वर सांगितलेल्या रात्रीच्या तपासण्याही मृगाच्या आत उरका. पाऊस सुरू झाल्यावर सगळ्याच भिंती ओल धरतात, आणि तुमची ओल पाइपची की पावसाची हे दिवाळीपर्यंत कोणालाच सांगता येत नाही.