खातं बनलं, पण लॉगिन होत नाही?

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज नेटवर्कवरची वापरकर्त्यांची खाती सांभाळणारी यंत्रणा) सीएसव्ही फाइलवरून (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची यादी) शंभरेक खाती एका दमात उघडायची, तर पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-साधनातली न्यू-एडीयूझर ही कमांड उत्तम. पण तिची एक खोड ध्यानात ठेवा. दिलेला पासवर्ड धोरणात (पासवर्ड कसा असावा याच्या नियमांत) बसला नाही, तर एरर येते आणि तरीही खातं तयार होतं, फक्त बंद अवस्थेत! लाल अक्षरं पाहून आपण पासवर्ड सुधारतो, स्क्रिप्ट पुन्हा चालवतो. आता ती म्हणते, खातं आधीपासूनच आहे. मी यात एकदा अख्खी दुपार घालवली.

म्हणून लूपमध्ये, म्हणजे यादीतल्या प्रत्येक नावासाठी, आधी गेट-एडीयूझरला फिल्टर देऊन खातं आहे का ते बघा. असेल आणि बंद असेल, तर कारण तपासा. नोकरी सोडून गेलेल्याचं खातंही बंदच असतं. अर्धवट राहिलेलंच असेल, तर सेट-एडीअकाउंटपासवर्डने नवा पासवर्ड देऊन इनेबल-एडीअकाउंट चालवा.

लॉगिन नाव 20 अक्षरांत बसवा. लांबलचक आडनावं इथेच अडकतात. पहिली फेरी अर्थातच व्हॉटइफ लावून, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता नुसतं काय होईल ते बघत. मात्र पासवर्ड धोरणात बसतो की नाही, हे त्यात कळत नाही. त्यासाठी एक चाचणी खातं खरोखरच उघडून पाहा.