नियुक्तिपत्रात मालकाने काय लिहावे

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीच्या वेळीच लेखी नियुक्तिपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम 6 मध्ये हे कर्तव्य घातलेले असून, पूर्वीपासून कामावर असलेल्या पण पत्र न मिळालेल्यांनाही संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते दिले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. दहापेक्षा कमी माणसे असली तरी पत्र द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण वाद उभा राहिला की दुकान लहान की मोठे हे कोणी विचारत नाही, काय ठरले होते त्याचा कागद मागितला जातो.

आस्थापनेचे नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक, कर्मचाऱ्याचे नाव, यूएएन (भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीएफचा कायमस्वरूपी खाते क्रमांक) व ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) क्रमांक, पद, रुजू होण्याची तारीख आणि कामाचे ठिकाण हा भाग सोपा आहे. नाव मात्र आधार कार्डावर आहे तसेच लिहावे, नाहीतर पुढे पीएफची रक्कम काढताना कर्मचाऱ्याला हेलपाटे पडतात. कामाचे स्वरूप लिहिताना ‘व्यवस्थापक सांगतील ती सर्व कामे’ असे मोघम वाक्य टाळावे. त्याऐवजी ‘बिले करणे, रोजचा गल्ला जुळवणे, मालाची आवक नोंदवणे आणि गर्दीच्या वेळी काउंटरवर मदत करणे’ असे लिहिले, तर दोन्ही बाजूंना आपली जबाबदारी कळते. बदलीची शक्यता असेल तर कोणकोणत्या शाखांत, तेही येथेच नोंदवावे.

सर्वांत अधिक काळजी वेतनाच्या परिच्छेदात घ्यावी लागते. ‘एकूण पगार अमुक रुपये’ एवढे पुरेसे नाही; मूळ वेतन, महागाई भत्ता आणि इतर भत्ते वेगवेगळे दाखवावे लागतात. वेतन संहिता, 2019 प्रमाणे घरभाडे, प्रवासभत्ता यांसारखे वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले घटक मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. समजा, एका हिशेबनिसाला 40,000 रुपये ठरले आणि मालकाने ते मूळ वेतन 15,000, घरभाडे भत्ता 15,000 व प्रवासभत्ता 10,000 असे विभागले. येथे दोन्ही भत्ते मिळून 25,000 होतात, म्हणजे निम्म्यापेक्षा 5,000 जास्त. म्हणून कायद्याच्या दृष्टीने वेतन 15,000 नसून 20,000 ठरते आणि ग्रॅच्युइटीसारखे (नोकरी संपताना सेवेबद्दल मिळणाऱ्या एकरकमी रकमेसारखे) लाभ त्यावर मोजले जातात. मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवण्याची जुनी सवय त्यामुळे सोडून द्यावी. मासिक पगार पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत देणे आवश्यक आहे, म्हणून ती तारीखही पत्रात लिहावी. ‘मालाची तूट आल्यास पगारातून वसूल केली जाईल’ असे वाक्य अनेक पत्रांत दिसते. पण कर्मचाऱ्याला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय अशी कपात करता येत नाही, आणि सर्व कपाती मिळून वेतनाच्या 50 टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत.

कामाची वेळ, मधली सुट्टी आणि साप्ताहिक सुट्टीचा वार स्पष्ट लिहावा. जादा कामाचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट असतो. ‘ओव्हरटाइम पगारात समाविष्ट आहे’ असे लिहून ही जबाबदारी टळत नाही. ज्यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 लागू आहे, त्यांनी वर्षाला 8 किरकोळ रजा, कामाच्या दर 20 दिवसांमागे एक अर्जित रजा आणि 8 पगारी सणाच्या सुट्ट्या यांचा उल्लेख करावा. यांतील 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या सुट्ट्या ठरलेल्या असून उरलेल्या चार मालक व कामगारांनी मिळून ठरवायच्या असतात. गणपती, दसरा, दिवाळी यांपैकी कोणते दिवस घ्यायचे, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून कळवावे.

पीएफ व ईएसआय लागू आहे की नाही, हे एका ओळीत सांगता येते. स्त्री कर्मचाऱ्याला प्रसूती लाभांची माहिती नेमणुकीच्या वेळी लेखी देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि याच पत्रात ती देणे सर्वांत सोयीचे. निश्चित मुदतीची नेमणूक असेल, तर आरंभ व समाप्तीची तारीख लिहावीच लागते; अशा कर्मचाऱ्याला त्याच किंवा तशाच कामावरील कायम कर्मचाऱ्याइतकेच वेतन व लाभ मिळतात आणि एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्कही मिळतो.

परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ, तो वाढवता येईल का, आणि नोकरी सोडताना दोन्ही बाजूंनी द्यायच्या नोटिशीची मुदत एकाच परिच्छेदात यावी. मालकाने सात दिवसांत काढावे आणि कर्मचाऱ्याने मात्र तीन महिने थांबावे, अशी एकतर्फी अट मला मुळीच पटत नाही. राजीनामा दिलेल्याचे किंवा कामावरून कमी केलेल्याचे देणे असलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते, त्यामुळे ‘फुल अँड फायनल 45 दिवसांनंतर’ ही वेतनाबाबतची ओळ काढून टाकावी. नोकरी सोडल्यावर त्याच व्यवसायात काम करू नये, अशी अट भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 मुळे सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते. ग्राहकांची यादी किंवा दरपत्रक यांसारख्या माहितीची गुप्तता राखण्याची अट मात्र घालता येते. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची अट तर कधीही घालू नये.

पत्र कर्मचाऱ्याला समजणाऱ्या भाषेत असावे. इंग्रजी पत्र दिले तर सोबत मराठी प्रत जोडावी, आणि सही घेण्यापूर्वी वाचायला एक दिवस द्यावा. दोन प्रतींवर दोघांच्या सह्या घेऊन एक प्रत कर्मचाऱ्याच्या हाती द्यावी व मिळाल्याची पोच फायलीत लावावी. पगार, पद किंवा वेळ पुढे बदलली, तर मूळ पत्रात खाडाखोड न करता तारीख घालून पुरवणी पत्र द्यावे. औद्योगिक संबंध संहितेच्या अनुसूचीतील अटी (वेतन, कामाचे तास, रजा यांसारख्या) कामगाराच्या तोट्याच्या दिशेने बदलायच्या असतील, तर त्याआधी 21 दिवसांची नोटीसही द्यावी लागते.