जुन्या इक्वलायझरचा क्लीन बूस्ट: ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याचा अनुभव

गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचं माझं ते दुसरं वर्ष होतं. डोंबिवलीत एका मंडळाचा कार्यक्रम होता. मध्यंतरात चहाचा कप घेऊन मी कन्सोलपाशी, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज कमी-जास्त करायच्या फेडरच्या (सरकपट्ट्यांच्या) टेबलापाशी, गेलो तर साऊंडवाले काका म्हणाले, "अरे, तुझे पीस बाहेर येतच नाहीयेत. फेडर वर घेतला की तू कॉर्ड वाजवताना गायकाच्या अंगावर येतोस, म्हणून मला परत खाली घ्यावा लागतो. मी एकटा किती धावू? पीस आला की तूच वर यायचं काहीतरी बघ."

आठवडाभर रात्री जागून ते पीस, म्हणजे गाण्याच्या मधल्या जागांतले गिटारचे तुकडे, बसवले होते आणि समोरच्या माणसांना ते ऐकूच गेले नव्हते. वाईट वाटलं, पण काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. गाणं चालू असताना गिटार गायकाच्या मागे हवी आणि अंतऱ्याआधीच्या आठ मात्रांच्या पीसला पुढे हवी. हे काम वाजवणाऱ्याच्या पायाने व्हायला हवं. जे आत्ता या क्षेत्रात येताहेत त्यांच्यासाठी मी हे कसं सोडवलं ते सविस्तर लिहितो आहे.

ऑर्केस्ट्रातल्या एका ज्येष्ठ गिटारवाल्या दादांनी वाजवणं कमी केलं होतं. त्यांच्याकडे जपानमध्ये तयार झालेला बॉस कंपनीचा जीई-७ पडून होता. हा पायाने चालू-बंद करायचा इक्वलायझर पेडल, म्हणजे आवाजाचे खर्जापासून तीव्र टोकापर्यंतचे भाग वेगवेगळे कमी-जास्त करणारी डबी. अशा एकेका भागाला मी पट्टी म्हणतो. हे मॉडेल १९८१ साली आलं. पांढुरकी धातूची डबी, तिच्यावर सात पट्ट्यांचे सात स्लायडर आणि शेजारी लेव्हलचा आठवा. प्रत्येक स्लायडर मधल्या रेघेपासून १५ डेसिबल वर किंवा खाली जातो. दादा म्हणाले, "सगळे मधोमध ठेव आणि फक्त लेव्हल वर कर. हा तुझा क्लीन बूस्ट. बाकीचे सात कशाला आहेत ते तुझं तुला कळेल."

क्लीन बूस्ट म्हणजे गिटारचा आवाज न फाटता, न बदलता मोठा करणं. त्यासाठी एका नॉबचे साधे बूस्टरही मिळतात. पण साधा बूस्टर सगळंच मोठं करतो, तुमच्या आवाजातला चिखलही. ऑर्केस्ट्रात बेस, कीबोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅड, काँगो आणि दोन गायक असतात. त्या गर्दीत सगळं मोठं करून उपयोग नसतो, आपल्याला जागा कुठे मोकळी आहे ते शोधावं लागतं. ती जागा मला इक्वलायझरने दाखवली.

जीई-७च्या पट्ट्या १००, २००, ४००, ८०० हर्ट्झ आणि पुढे १.६, ३.२ व ६.४ किलोहर्ट्झ अशा आहेत. प्रत्येक आकडा आधीच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येक पट्टी एक सप्तक वर. आता गिटार हातात घ्या. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा असतो, मोकळी तिसरी तार १९६ची, पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट ३९२चा आणि पहिल्याच तारेचा पंधरावा फ्रेट ७८४चा. डावीकडचे चारही स्लायडर जवळपास नेमके गिटारवरच्या चार जींवर बसतात. हे माझ्या लक्षात आलं त्या रात्री मी दोन तास दुसरं काहीच केलं नाही. एक जी वाजवायचा, त्याचा स्लायडर पूर्ण वर, मग पूर्ण खाली. दुसरा जी, दुसरा स्लायडर. शिकणाऱ्या प्रत्येकाने हा रियाज एकदा तरी करावा. हर्ट्झचे आकडे तोपर्यंत नुसते आकडे असतात, त्या रात्रीनंतर ते कानात राहतात.

उजवीकडच्या तीन पट्ट्यांची गोष्ट वेगळी. २४ फ्रेटच्या गिटारचा सगळ्यात वरचा सूरसुद्धा १३१९ हर्ट्झच्या आसपास संपतो. म्हणजे १.६ किलोहर्ट्झच्या पट्टीवर आपण दाबू शकू असा मूळ सूरच नाही. तिथे असतात फक्त सुरांचे उपस्वर, पिकचा टणत्कार, तारेची चमक आणि अगदी टोकाला पेडलची स्वतःची सूं सूं. म्हणून चमक हवी म्हणून ६.४ वर करू नका. सोलो तितका पुढे येत नाही, सूं सूं मात्र नक्की येते.

पुढचं सेटिंग मला प्रॅक्टिसच्या हॉलमध्ये, सगळी वाद्यं चालू असताना सापडलं. लेव्हल साधारण ५ डेसिबल वर, ८००ची पट्टी ५ वर, ४००ची २ वर, १००ची ६ खाली, ६.४ची ४ खाली, बाकीच्या मधोमध. १०० खाली का? तिथे बेस गिटार आणि ढोलकची धूम असते, त्या दोघांशी भांडून गिटारला काही मिळत नाही. ३.२ का वर केली नाही? गायकाचे शब्द कळतात ते बरेचसे त्याच भागात. पीस संपता संपता गायक उचलतो, तेव्हा बूस्ट बंद करायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी त्याचा पहिला शब्द झाकला जाता कामा नये. ८००च्या आसपास गिटारला तिचा स्वतःचा आवाज आहे. एकटी ऐकली तर तिथे ती थोडी नाकातून बोलल्यासारखी वाटते. तसं वाटू द्या, एकटीला ऐकणारं तिथे कोणी नसतं.

घरच्या सेटिंगबद्दल इथेच सांगतो, कारण नवीन मुलं सर्वात जास्त इथे फसतात. घरी हळू आवाजात वाजवताना दोन्ही टोकं वर आणि मधलं खाली असं केलं की गिटार फार गोड लागते. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तीव्र टोक कमी ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ साली मोजून दाखवलं होतं. म्हणून आपण टोकं वाढवतो. तेच सेटिंग स्टेजवर नेलं की खर्ज बेसमध्ये बुडतो, चमक झांजांमध्ये विरते आणि मधला भाग तर आपणच कापलेला असतो. घरी जे सुंदर वाटतं ते स्टेजवर दिसेनासं होतं. सेटिंग करायचं ते मोठ्या आवाजात आणि सगळ्यांबरोबरच.

पेडल कुठे जोडायचा हा पुढचा प्रश्न. डिस्टॉर्शनच्या (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टच्या) आधी जोडला तर आवाज मोठा होत नाही, फक्त जास्त फाटतो आणि सूर लांबतो, कारण डिस्टॉर्शन आधीच त्याच्या मर्यादेला टेकलेलं असतं. नंतर जोडला तर मोठा होतो. ज्यांच्या अँपला इफेक्ट लूप (अँपच्या आतल्या दोन टप्प्यांच्या मध्ये पेडल जोडायची सोय) आहे त्यांनी तिथे जोडावा. मी डिस्टॉर्शनच्या नंतर आणि डिलेच्या (प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलच्या) आधी ठेवतो. आधी जोडण्यातही मजा आहेच: हलक्या ओव्हरड्राइव्हच्या (सौम्य डिस्टॉर्शनच्या) आधी १०० खाली आणि ८०० वर केलं तर तोच ओव्हरड्राइव्ह किती आवळून वाजतो ते करून बघा. पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर याच्या १९९४च्या दौऱ्यातल्या पेडलबोर्डवर एकाहून जास्त जीई-७ होते. वेगवेगळ्या डिस्टॉर्शनला वेगवेगळा आकार द्यायचा तर ते समजण्यासारखं आहे.

आता 'क्लीन' या शब्दाविषयी. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट. १५ डेसिबल म्हणजे साधारण साडेपाच पट. हंबकर (दोन गुंडाळ्यांच्या, जोरकस) पिकअपवर जोरात वाजवलं की अर्धा व्होल्ट सहज येतो, तो लेव्हल पूर्ण वर असताना पावणेतीन व्होल्ट होतो. त्यात एखादी पट्टी ६ डेसिबल वर असेल तर त्या सुरांना साडेपाच व्होल्ट लागतात. नऊ व्होल्टची बॅटरी मधल्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना फार तर साडेचार देते. म्हणजे तिथे आवाज फाटणारच. पेडलच्या स्लायडरला १५ची सोय आहे म्हणून १५ वापरायचे नसतात. कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात आणि सोलोला तेवढ्याचीही गरज नसते.

हा हिशेब मी शिकलो तो फजिती झाल्यावर. एका कार्यक्रमात बूस्ट दाबला की आवाज चरचरायचा, आणि सेटिंग तर नेहमीचंच होतं. पेडलचा लाल दिवा मंद दिसत होता, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. नंतर पेडल उलटा करून खालचं लेबल वाचलं. त्यावर एसीए असं लिहिलं होतं. त्या काळातले हे पेडल बाराच्या आसपास व्होल्ट देणाऱ्या जुन्या अडॅप्टरसाठी बनवलेले होते आणि आतमध्ये तो दाब कमी करून घेतला जायचा. मी हल्लीचा नेमका नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावला होता. त्यातूनही आत कपात झाली आणि सर्किटला पुरेसे व्होल्ट मिळेनात, म्हणून वर जायची जागाच कमी झाली. ताजी बॅटरी घातली आणि चरचर थांबली. जुना पेडल घेतलात तर लेबल आधी वाचा. उलटी चूक जास्त महाग पडते: पीएसए (म्हणजे हल्लीच्या नऊ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी) लिहिलेल्या पेडलला जुना बारावाला अडॅप्टर कधीही लावू नका.

जुन्या स्लायडरमध्ये खरखर असतेच. चाळीस वर्षांची धूळ आहे ती, आणि आपल्याकडची पावसाळी हवा. विकत घेताना प्रत्येक स्लायडर टोकापासून टोकापर्यंत हलवून ऐका. नुसती खरखर असेल तर घाबरू नका. मात्र एखाद्या जागी आवाज पूर्ण जात असेल तर आतला कार्बनचा पट्टा झिजलेला असतो, तो सफाईने परत येत नाही. बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट बुरशीसारखं काही दिसतंय का बघा. सफाईसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. स्लायडरच्या फटीत अगदी थोडा मारायचा आणि दांडी वीस-तीस वेळा वरखाली करायची. गंज काढायचं तेल मारू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. माझ्या पेडलचे दोन इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकले होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्यांनी ते बदलून दिले आणि पेडल एकदम शांत झाला.

जीई-७च हवा असंही नाही. एमएक्सआर कंपनीचा सत्तरच्या दशकातला निळा सिक्स बँड इक्वलायझर पहिल्या सहा त्याच पट्ट्यांचा आहे आणि १८ डेसिबलपर्यंत जातो. पण त्याला वेगळा लेव्हल स्लायडर नाही, बूस्टसाठी सगळ्या पट्ट्या थोड्या थोड्या वर कराव्या लागतात. म्हणून पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी लेव्हलवालाच सुचवतो.

पेडलइतकंच महत्त्वाचं आहे ते साऊंडचेकचं वागणं. आपल्याकडची मुलं साऊंडचेकला लाजत लाजत हळू वाजवतात आणि कार्यक्रमात बूस्ट दाबतात. मग चॅनेल लाल होतो आणि साऊंडवाले रागावून फेडर खाली ओढतात. आधी जाऊन सांगा, "काका, सोलोला मी पायाने वर येणार आहे," आणि बूस्ट चालू करून सगळ्यात मोठा पीस वाजवा, गेन (चॅनेलमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी) त्यावर लावू द्या. तुमच्या चॅनेलवर कॉम्प्रेसर असेल तर तोही विचारून घ्या. तो जास्त आवळलेला असेल तर तुम्ही पाच डेसिबल वर गेलात तरी तो तुम्हाला परत खाली आणून ठेवतो.

डोंबिवलीच्या त्याच मंडळात पुढच्या वर्षी परत गेलो तेव्हा कन्सोलवर तेच काका होते. पहिला पीस झाल्यावर त्यांनी लांबूनच अंगठा वर केला आणि त्या रात्री माझ्या फेडरला एकदाही हात लावला नाही. स्लायडरच्या बाजूला पांढरी टेप लावून मी प्रत्येकाची जागा बारीक पेनाने आखून ठेवली आहे, टेम्पोतून पेडल आला की दांड्या हललेल्याच असतात. आणि कार्यक्रम संपला की पहिल्यांदा इनपुटची वायर काढतो. ती लावलेली राहिली तर पेडल बंद दिसला तरी बॅटरी रात्रभर उतरत राहते.