कॉलेज-क्रीडेतला गुन्हा आणि संघावरची कारवाई: प्रकरण कसे तपासावे

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीला आले की लगेच मागणी सुरू होते: एनसीएएने (अमेरिकी कॉलेज-क्रीडेचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने) या संघाला घरी बसवावे. वादविवाद स्पर्धेसाठी असो, लेखासाठी असो, या मागणीवर मत द्यायचे असेल तर पुढच्या क्रमाने जा. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण शिक्षेपासून सुरुवात करतात आणि मग तिच्यासाठी नियम शोधत बसतात.

आधी संस्था समजून घ्या

एनसीएए ही हजाराहून अधिक कॉलेजांनी मिळून चालवलेली संघटना आहे. तिला छापा टाकता येत नाही, समन्स काढता येत नाही, कोणाला तुरुंगात पाठवता येत नाही. १९८८ साली बास्केटबॉल कोच जेरी टार्कानियन याच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती सरकारी यंत्रणा नसल्याचे ठरवले. याचा व्यवहारातला अर्थ असा, की घटनेने सरकारवर घातलेली न्याय्य प्रक्रियेची बंधने तिला थेट लागू होत नाहीत. सदस्य कॉलेजाला मुख्य आधार उरतो तो तिच्याच नियमपुस्तकाचा. म्हणून ते पुस्तक बाजूला ठेवून केलेली कारवाई लोकप्रिय असली तरी कच्ची असते.

घटनाक्रम दोन रकान्यांत मांडा

एका रकान्यात गुन्हा, दुसऱ्यात तो कोणाला केव्हा कळला आणि त्याने काय केले. पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाचे उदाहरण घ्या. जेरी सँडस्की हा फुटबॉल संघाचा सहायक कोच १९९९ मध्ये निवृत्त झाला. पहिल्या रकान्यात मुलांवरचे अत्याचार. २०१२ च्या जूनमध्ये ज्युरीने त्याला ४८ पैकी ४५ आरोपांत दोषी धरले. दुसऱ्या रकान्यात १९९८ ची पोलीस चौकशी, आणि २००१ मध्ये एका सहायकाने शॉवरमधला प्रकार पाहून हेड कोच जो पॅटर्नोला सांगणे. पॅटर्नोने ते क्रीडा संचालक टिम कर्लीला कळवले, उपाध्यक्ष गॅरी शुल्झही त्यात आले, आणि पोलिसांत मात्र कोणीच गेले नाही.

संघटनेच्या कारवाईचा विचार होऊ शकतो तो या दुसऱ्या रकान्यावरच. पहिला रकाना न्यायालयाचा. दुसरा रिकामा असेल, म्हणजे एका माणसाने गुन्हा केला आणि वरच्यांना कळताच त्यांनी पोलीस बोलावले, तर प्रश्न तिथेच मिटला.

मोडलेल्या नियमाचे नाव लिहा

'संस्थात्मक नियंत्रणाचा अभाव' हे कलम सगळ्यांना आवडते, कारण त्यात काहीही बसवता येते. तेवढ्यावर थांबू नका. पैसे, भरती, परीक्षा किंवा चौकशीत खोटे बोलणे यांपैकी काही ठोस आहे का ते पाहा.

बेलर विद्यापीठाचे २००३ चे बास्केटबॉल प्रकरण इथे कामी येते. एका खेळाडूचा संघसोबत्याने खून केला. त्यानंतरच्या चौकशीत हेड कोच डेव्ह ब्लिस खेळाडूंची फी नियमबाह्य मार्गाने भरत होता, आणि ते झाकण्यासाठी मृत मुलाला अमली पदार्थ विकणारा ठरवण्याचा त्याचा बेत होता, असे बाहेर आले. एनसीएएने खुनाला हात लावला नाही. बेकायदा पैसे आणि लपवाछपवी यांसाठी २००५–०६ च्या मोसमात संघाला परिषदेबाहेरचे, म्हणजे आपल्या गटाबाहेरच्या कॉलेजांशी होणारे, सामने खेळायला बंदी केली. ही कारवाई टिकली, कारण प्रत्येक शिक्षेमागे आधीपासून लिहिलेला नियम होता.

खेळाडूला वेगळी वागणूक मिळाली का?

ही कसोटी सर्वांत चिवट आहे आणि नवख्यांना सर्वांत खटकते. एनसीएएचा विचार असा चालतो: सवलत सामान्य विद्यार्थ्यालाही मिळत असेल तर तो खेळाडूला दिलेला खास लाभ नव्हे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले नावापुरते वर्ग २०१७ मध्ये याच तर्काने सुटले. ते सगळ्या विद्यार्थ्यांना खुले होते.

बेलरच्या फुटबॉल प्रकरणात तोच तर्क आणखी कडू ठरला. लैंगिक हिंसेच्या तक्रारी दडपल्याबद्दल २०१६ मध्ये कोच आर्ट ब्राइल्सला काढले, अध्यक्ष केन स्टार यांचे पद गेले. पण ऑगस्ट २०२१ मध्ये एनसीएएच्या नियमभंग समितीने म्हटले की तक्रारी न नोंदवण्याचा रोग साऱ्या कॅम्पसभर होता, त्यामुळे खेळाडूंना खास लाभ मिळाला असे म्हणता येत नाही. चार वर्षे प्रोबेशन (देखरेखीखालचा काळ), भरतीवर काही निर्बंध आणि ५,००० डॉलर दंड, तोही इतर नियमभंगांसाठी. म्हणजे विद्यापीठ जितके सर्वदूर नालायक, तितके ते सुरक्षित. आमच्या मते निकाल नियमाला धरून होता आणि नियम अपुरा होता. असे असेल तेव्हा दोन्ही वाक्ये लिहा. एकच लिहिले तर वाचकाची फसगत होते.

कार्यपद्धती तपासा

नेहमीची वाट अशी: चौकशी, आरोपांची लेखी नोटीस, विद्यापीठाचे उत्तर, नियमभंग समितीपुढे सुनावणी, मग अपील. पेन स्टेटमध्ये यातले काहीच झाले नाही. विद्यापीठानेच चौकशीसाठी नेमलेले एफबीआयचे माजी संचालक लुई फ्री यांचा अहवाल १२ जुलै २०१२ ला आला. फ्री यांच्या पथकाने पॅटर्नो, कर्ली किंवा शुल्झ यांना प्रश्नही विचारले नव्हते. अकराव्या दिवशी, २३ जुलैला, एनसीएएचे अध्यक्ष मार्क एमर्ट यांनी विद्यापीठाने शिक्षा मान्य केल्याचे संमतिपत्र जाहीर केले. पुढे पेनसिल्व्हेनिया राज्याचे सिनेटर जेक कॉर्मन यांनी भरलेल्या दाव्यात एनसीएएचे अंतर्गत ईमेल बाहेर आले. त्यांत संघटनेच्याच एका अधिकाऱ्याने या पवित्र्याला चक्क हूल म्हटले होते. कार्यपद्धती गाळली की शिक्षा किती कठोर आहे याला अर्थ उरत नाही. ती उलटवायला वकिलाला आयते दार मिळते.

शिक्षेचा प्रत्येक तुकडा कोणावर पडतो ते लिहा

पेन स्टेटची शिक्षा पाच तुकड्यांत मोडा. ६ कोटी डॉलर दंड: विद्यापीठाच्या तिजोरीवर, आणि बालशोषण रोखण्याच्या कामासाठी, हा तुकडा समर्थनीय. चार वर्षे मोसमानंतरच्या सामन्यांना बंदी: गुन्ह्याच्या काळात जे शाळेत होते त्या खेळाडूंवर. दरवर्षी नव्या स्कॉलरशिप २५ वरून १५, एकूण ८५ वरून ६५: अजून कॉलेजात न आलेल्या मुलांवर. १९९८ ते २०११ चे ११२ विजय रद्द: नोंदवहीवर, म्हणजे पॅटर्नोच्या नावावर, पीडितांच्या हाती यातून काही पडत नाही. पाच वर्षे प्रोबेशन आणि देखरेखीला माजी सिनेटर जॉर्ज मिचेल: आज कारभार करणाऱ्यांवर, आणि हाच तुकडा सर्वांत उपयोगी.

खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता दुसरीकडे जाण्याची मुभा दिली होती, ती विसरू नका. पण तिचा हिशेब संघ सोडू शकणाऱ्यांपुरताच. स्टेडियमभोवतीच्या हॉटेलवाल्याला बदली मिळत नाही.

दुसरीकडून काय शिक्षा झाली तेही मांडा

हा रकाना गाळला की 'एनसीएएने सोडले म्हणजे सगळेच सुटले' असा गैरसमज होतो. मिशिगन स्टेट विद्यापीठात खेळाडूंवर लैंगिक अत्याचार करणारा डॉक्टर लॅरी नासर याच्या प्रकरणी एनसीएएला २०१८ मध्ये नियमभंग सापडला नाही. पण विद्यापीठाने पीडितांशी ५० कोटी डॉलरची तडजोड केली, आणि २०१९ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने कॅम्पस-सुरक्षेच्या क्लेरी कायद्याखाली ४५ लाख डॉलर दंड केला. पेन स्टेटला त्याच कायद्याखाली २०१६ मध्ये सुमारे २४ लाखांचा दंड झाला. तिथले माजी अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर मुलांची सुरक्षा धोक्यात घातल्याबद्दल २०१७ मध्ये दोषी ठरले. कर्ली आणि शुल्झ यांनी गुन्हा कबूल केला. ज्यांनी गप्प बसण्याचा निर्णय घेतला त्यांच्यापर्यंत पोचले ते न्यायालय.

मत कसे बांधावे

आमचा कौल असा: लपवाछपवी संघ जिंकता राहावा म्हणून झाली, तिच्याविरुद्ध नियम आधीपासून होता आणि सुनावणी झाली, या तिन्ही गोष्टी असतील तर संघटनेने शिक्षा करावी, ती पैसा, यजमानपद, देखरेख आणि अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या यांवर पडावी. यांतली एकही कमी असेल तर काम पोलीस आणि शिक्षण खात्याचे. 'मग संघटनेने काहीच करू नये का?' या प्रश्नाला उत्तर आहे: नियम आधी लिहावा. एनसीएएने २०१७ पासून लैंगिक हिंसा प्रतिबंधाबाबत अध्यक्ष, क्रीडा संचालक आणि टायटल नाइन (शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा कायदा) समन्वयक यांचे वार्षिक हमीपत्र सक्तीचे केले आहे. ते फार मोठे हत्यार नव्हे, पण निदान गुन्ह्याच्या आधी ठेवलेले आहे.

शेवटी प्रत्येक शिक्षेची आजची स्थिती तपासा, कारण जुन्या बातम्या तशाच फिरत राहतात. पेन स्टेटची सामनेबंदी सप्टेंबर २०१४ मध्ये उठली आणि स्कॉलरशिपही परत मिळाल्या. जानेवारी २०१५ च्या तडजोडीत ११२ विजय परत आले, त्यांतले १११ पॅटर्नोचे असल्याने त्याच्या विजयांचा आकडा २९८ वरून पुन्हा ४०९ झाला. ६ कोटींचा दंड मात्र कायम राहिला, आणि तो पेनसिल्व्हेनियातच खर्च करायचे ठरले.