कॉलेजच्या विभागासाठी आणि विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक सॉफ्टवेअर लायसन्स कसे मिळवावे

शैक्षणिक सॉफ्टवेअर बहुतेक वेळा फुकट किंवा बाजारभावाच्या मानाने अगदी स्वस्तात मिळते. तरीही जूनमध्ये कॉलेज सुरू झाले की लॅबमध्ये धावपळ उडते. कारण पैशांचे कमी आणि पुराव्याचे व तारखांचे जास्त असते. समोरचा माणूस खरोखर विद्यार्थी आहे हे कंपनीला कसे पटवायचे आणि लायसन्सचे वर्ष आपल्या शैक्षणिक वर्षाशी कसे जुळवायचे, हे दोन प्रश्न सुटले की बाकीचे काम सोपे आहे. म्हणून सुरुवात सॉफ्टवेअरच्या यादीने करू नका, कॉलेजच्या ईमेलने करा.

पायरी १: कॉलेजच्या नावाचा ईमेल

जीमेलच्या खाजगी पत्त्यावर बहुतेक शैक्षणिक योजना अर्ज घेत नाहीत, किंवा घेतला तरी कागदपत्रांचा तगादा लावतात. कॉलेजच्या डोमेनवरचा ईमेल असला तर पडताळणी काही मिनिटांत होते. एसी डॉट इन आणि ईडीयू डॉट इन ही डोमेन फक्त अर्नेट इंडिया या केंद्र सरकारच्या संस्थेकडून मिळतात आणि त्यासाठी प्राचार्यांच्या सहीचे पत्र व संलग्नतेचा कागद लागतो. डोमेन हातात आले की त्यावर गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची फंडामेंटल्स आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ ची ए१ योजना चालू करता येते. दोन्ही पात्र संस्थांना मोफत आहेत.

विद्यार्थ्यांचे आयडी प्रवेशाच्या दिवशीच तयार व्हायला हवेत, चवथीच्या सुट्टीनंतर नव्हे. आयडी रोल नंबरवरून करा. नावावरून केले तर नाईक, गावकर आणि फर्नांडिस यांच्या गर्दीत दोन महिन्यांत गोंधळ होतो.

कंपनीच्या ऑनलाइन अर्जातल्या यादीत कॉलेजचे नाव शोधतानाही अडते. सगळे जण जीईसी म्हणतात, पण फर्मागुढीच्या कॉलेजचे अधिकृत नाव गोवा कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आहे आणि फॉर्ममधल्या यादीत ते त्याच नावाने शोधावे लागते. वेर्ण्याच्या पाद्रे कॉन्सेसांव कॉलेजच्या नावात पोर्तुगीज खुणांची अक्षरे आहेत, ती कधी असतात तर कधी गळालेली असतात. दोन्ही तऱ्हेने शोधून बघा. न सापडल्यास नवीन नोंद करण्याचा अर्ज विभागाने एकदाच करावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या स्पेलिंगने केला तर एकाच कॉलेजच्या चार नोंदी होतात आणि पडताळणी आणखी लांबते.

पायरी २: लायसन्स कोणाला लागू आहे ते वाचा

किंमत बघण्याआधी करारातली संस्थेची व्याख्या बघा. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाने घेतलेले कॅम्पस लायसन्स संलग्न कॉलेजांना आपोआप लागू होत नाही. करारात तसे लिहिलेले असले तरच लागू होते. व्याख्येत नियमित शिक्षक बसतात, पण तासिका तत्त्वावरचे बसतीलच असे नाही. विद्यार्थ्याच्या घरच्या लॅपटॉपवर चालते का, संशोधन प्रकल्पाला चालते का, कंपनीकडून पैसे घेऊन केलेल्या कन्सल्टन्सीला चालते का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा आणि उत्तराचा ईमेल फाईलला लावा. कन्सल्टन्सीला उत्तर जवळपास नेहमी नकाराचेच येते.

विंडोजच्या बाबतीत एक चूक फार महाग पडते. मायक्रोसॉफ्टच्या शैक्षणिक व्हॉल्यूम करारातले, म्हणजे संस्थेने एकगठ्ठा घेतलेले, विंडोजचे लायसन्स हे अपग्रेड असते. मशीनवर मूळ पात्र विंडोज आधीपासून असले तरच ते चालते. लॅबसाठी सिस्टम नसलेले असेंबल पीसी घेतले आणि वर शैक्षणिक लायसन्स टाकले, तर स्क्रीनवर सगळे सुरळीत दिसते, पण तपासणीत लायसन्स अवैध ठरते. पीसीचे कोटेशन मागवतानाच मूळ विंडोजसह मागवा.

पायरी ३: किती लागतील ते मोजा

लायसन्स साधारण तीन प्रकारचे असते: व्यक्तीच्या नावावरचे, एकाच मशीनला बांधलेले आणि फ्लोटिंग. फ्लोटिंगमध्ये सर्व्हरवर ठरावीक संख्या असते आणि जो आधी प्रोग्राम उघडेल त्याला ते मिळते. विभागाची पटसंख्या बघून फ्लोटिंग घेऊ नका, वेळापत्रक बघून घ्या. समजा तीन वर्षांचे मिळून १८० विद्यार्थी आहेत, पण एका वेळी दोनच लॅब चालतात आणि प्रत्येक बॅच २० ची आहे. म्हणजे ४० लागतील, शिक्षकांसाठी ५ धरा, एकूण ४५. विक्रेत्याचे कोटेशन १८० चे आले असेल तर ते परत पाठवा.

पायरी ४: तारीख जुळवा

सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत खरेदी ३१ मार्चच्या आत उरकायची घाई असते. ऑर्डर मार्चमध्ये गेली की लायसन्सचे वर्षही मार्चमध्येच सुरू होते. मग एप्रिल-मे परीक्षा आणि सुट्टीत जातात, आणि पुढच्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर लायसन्स संपते. यावर उपाय आहे: ऑर्डरमध्येच लिहा की लायसन्स १ जुलैपासून सुरू व्हावे. बहुतेक विक्रेते हे मान्य करतात, पण मागितले तरच. बिल या आर्थिक वर्षात आणि वापर पुढच्या, हे लेखा विभागाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर फाईल आक्षेप लागून परत येते.

एकाच कंपनीचे उत्पादन असेल तर तीन कोटेशन मिळत नाहीत. तेव्हा ही वस्तू एकाच कंपनीकडे मिळते असे सांगणारे प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट जोडावे लागते, आणि त्यात दुसरा पर्याय का चालत नाही याचे तांत्रिक कारण लिहावे लागते. “विद्यार्थ्यांना सवय आहे” हे कारण टिकत नाही. “अभ्यासक्रमातल्या अमुक प्रयोगाला हे टूलबॉक्स लागते” हे टिकते. अंदाजपत्रकात १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका.

वन नेशन वन सबस्क्रिप्शनबद्दलही पुष्कळ गैरसमज आहे. १ जानेवारी २०२५ पासून चालू झालेली ही केंद्राची योजना सरकारी संस्थांना संशोधनपत्रिका देते. सॉफ्टवेअर तिच्यात येत नाही.

पायरी ५: लॅबचा सर्व्हर

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो, म्हणून इथे थोडे थांबू. अभियांत्रिकीची पुष्कळ सॉफ्टवेअर फ्लेक्सएलएम पद्धतीच्या लायसन्स सर्व्हरवर, म्हणजे नेटवर्कवरून लायसन्स वाटणाऱ्या मशीनवर, चालतात. लायसन्सची फाईल त्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधलेली असते. तो पत्ता मदरबोर्डवरच्या लॅन पोर्टचा द्या. वायफायचा किंवा यूएसबी अडॅप्टरचा दिला आणि अडॅप्टर कोणी काढून नेला, की अख्खी लॅब बंद पडते.

मे अखेरीस आणि ऑक्टोबरात गोव्यात विजा कडाडतात, त्यात मदरबोर्ड जळतो. नवा बोर्ड टाकला की मॅक बदलतो आणि फाईल निरुपयोगी ठरते. कंपनीकडून नवी फाईल मिळते, पण त्यासाठी करारावर ज्याचे नाव आहे त्याच माणसाने मागणी करावी लागते. तो माणूस निवृत्त झालेला असला तर आठवडे जातात. म्हणून संपर्काचा पत्ता एखाद्या प्राध्यापकाचा नको, विभागाचा असू द्या. सर्व्हरला यूपीएस आणि सर्ज प्रोटेक्टर हवाच, आणि लॅनची केबल इमारतीबाहेरून येत असेल तर ती बाजूही संरक्षित करा. वीज तारेतून येते तशी केबलमधूनही येते.

दुसरी नेहमीची तक्रार अशी असते की सर्व्हर चालू आहे, पिंग केल्यावर उत्तर देतो, तरी लायसन्स मिळत नाही. लायसन्स वाटणारा मुख्य प्रोग्राम (मॅनेजर) साधारण २७००० ते २७००९ यांतल्या एका पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या क्रमांकित दारावर, असतो आणि तो फायरवॉलमध्ये उघडलेला असतो. पण कंपनीचा दुसरा प्रोग्राम, ज्याला व्हेंडर डीमन म्हणतात, दर वेळी सर्व्हर चालू झाल्यावर नवा पोर्ट घेतो. सोमवारी चालले, मंगळवारी वीज जाऊन आली आणि बंद पडले, असे होते ते यामुळे. लायसन्स फाईलच्या व्हेंडर ओळीत पोर्ट कायमचा लिहून टाका आणि तोही फायरवॉलमध्ये उघडा. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कच्या बाबतीत बहुतेक जण यासाठी २०८० ठेवतात.

प्रोग्राम उघडा टाकून विद्यार्थी चहाला गेला तरी लायसन्स अडकून राहते. सर्व्हरच्या ऑप्शन्स फाईलमध्ये (लायसन्स वाटपाचे नियम लिहायची फाईल) टाइमआउटची ओळ टाकली की ठरावीक वेळ वापर नसल्यास ते परत सुटते. अर्ध्या तासाची मुदत बरी. त्याहून कमी ठेवली तर लांबलचक सिम्युलेशन चालवणाऱ्यांची पंचाईत होते.

विंडोज आणि ऑफिस सक्रिय करण्यासाठी केएमएस सर्व्हर, म्हणजे कॉलेजच्या नेटवर्कवरूनच मशीन सक्रिय करणारा सर्व्हर, उभा करायचा विचार असेल तर आधी मशीन मोजा. विंडोजसाठी किमान २५ मशीन त्या सर्व्हरपर्यंत पोचेपर्यंत एकही सक्रिय होत नाही. ऑफिसला ५ पुरतात. २० पीसींच्या लॅबला एमएके की, म्हणजे ठरावीक मशीन थेट मायक्रोसॉफ्टकडून सक्रिय करणारी की, हाच सरळ मार्ग आहे. केएमएस घेतलेच तर प्रत्येक मशीनला १८० दिवसांत एकदा तरी कॉलेजच्या नेटवर्कवर यावे लागते, हे शिक्षकांच्या लॅपटॉपबाबत लक्षात ठेवा.

आणि एखादे मशीन रोज लायसन्स संपल्याचा संदेश देत असेल तर सर्व्हरला हात लावण्याआधी मशीनची तारीख बघा. जुन्या पीसीतली सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. बॅटरी थोडक्या रुपयांत मिळते.

पायरी ६: विद्यार्थ्याने काय करावे

खाते उघडताना नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहा. ओळखपत्रावर आडनाव आधी आणि खात्यावर शेवटी, किंवा वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, एवढ्यावरून अर्ज परत येतो. ओळखपत्रावर चालू वर्षाची तारीख नसेल तर ऑफिसातून इंग्रजीत, तारीख आणि शिक्का असलेले बोनाफाईड घ्या. फोटो काढताना कार्ड प्लास्टिकच्या कव्हरमधून बाहेर काढा, चकाकीमुळे अक्षरे वाचता येत नाहीत.

प्रोग्रामचा कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळाच्या स्टुडंट डेव्हलपर पॅकसाठी दोन टप्प्यांची सुरक्षा चालू असावी लागते आणि ब्राउझर तुमचे ठिकाण विचारतो. काणकोणात घरी बसून अर्ज करण्यापेक्षा कॉलेजच्या आवारात बसून करा. प्रोग्रामिंगची साधने बनवणाऱ्या जेटब्रेन्सचे विद्यार्थी लायसन्स एक वर्षाचे असते आणि शिक्षण चालू असेपर्यंत दर वर्षी वाढवता येते. ऑटोडेस्कचेही तसेच आहे. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांच्या) अझ्युअर फॉर स्टुडंट्स योजनेत क्रेडिट कार्ड न देता १२ महिन्यांसाठी १०० डॉलरचे क्रेडिट मिळते, वय १८ पूर्ण हवे. इथे एक सावधगिरी: व्हर्च्युअल मशीन (क्लाउडवर भाड्याने घेतलेला संगणक) आतून शटडाउन केले तरी मोजणी चालू राहते. पोर्टलवरचे स्टॉप बटण दाबून ते डीअलोकेट झाले, म्हणजे परत सोडले गेले, आहे याची खात्री करा, नाहीतर सगळे क्रेडिट एका महिन्यात संपते. विभागाच्या जुन्या फाईलमध्ये एमएसडीएन अकॅडमिक अलायन्स, ड्रीमस्पार्क किंवा इमॅजिन अशी नावे सापडतील. त्याच परंपरेतल्या योजनेचे पुढचे नाव अझ्युअर डेव्ह टूल्स फॉर टीचिंग आहे, तेच शोधा.

गणिती आकडेमोडीचे मॅटलॅब हे सॉफ्टवेअर कॉलेजने घेतलेले नसेल तर मॅटलॅब ऑनलाइनची मूळ आवृत्ती महिन्याला २० तास मोफत मिळते. पदवीच्या प्रयोगांना ते पुष्कळदा पुरते. न पुरल्यास ऑक्टेव्ह किंवा सायलॅब हे त्याच कामाचे मोफत पर्याय आहेत. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सायलॅबवर भरपूर साहित्य तयार केले आहे, आणि स्पोकन ट्युटोरियलचे पुष्कळ धडे मराठीतही आहेत. भूगोलवाल्यांनी क्यूजीआयएस (नकाशांसाठी) आणि संख्याशास्त्रवाल्यांनी आर (सांख्यिकीसाठी) ही मोफत सॉफ्टवेअर आधी करून बघावीत, लायसन्सचा प्रश्नच उरत नाही. वाणिज्य शाखेला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची शैक्षणिक अवस्था फुकट चालते, पण त्यात महिन्याच्या १ आणि २ तारखेसारख्या मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात. शिक्षकांनी उदाहरणे त्याच तारखांची द्यावीत.

पैसे भरून घ्यायचे असेल तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अॅपमधून चालू करा. ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे ती सोय बंद ठेवूनच येतात. सवलत फक्त पहिल्या वर्षाची आहे का तेही बघा आणि आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा.

पायरी ७: व्यावसायिक संस्थांचे सभासदत्व

आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. जुलैत पैसे भरले तर सभासदत्व डिसेंबरलाच संपते. १६ ऑगस्टनंतर भरले तर ते पुढच्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत चालते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे. कॉलेजात आयईईईची विद्यार्थी शाखा काढायची तर किमान १२ विद्यार्थी सभासद आणि एक प्राध्यापक सल्लागार लागतो.

पायरी ८: जे करू नये

विद्यार्थी लायसन्सवर वेर्णा वसाहतीतल्या कंपनीचे इंटर्नशिपचे काम करू नका आणि पणजीतल्या आर्किटेक्टची पैसे घेऊन ड्रॉइंग काढू नका. ते व्यावसायिक काम आहे, त्याचे लायसन्स कंपनीने द्यावे. आणि क्रॅक केलेली प्रत लॅबमध्ये अजिबात नको. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार नकली प्रत आहे हे माहीत असून ती वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. शिक्षकाने ती प्रत पेनड्राइव्हवर वाटली तर विद्यार्थीही त्यात सापडतात, ही गोष्ट आम्हांला सगळ्यांत जास्त खुपते.

शेवटच्या वर्षाच्या एप्रिलमध्ये

कॉलेजचा ईमेल निकालानंतर कधीही बंद होतो आणि त्यावर उघडलेली खातीही त्याबरोबर जातात. गिटहबवर खाजगी ईमेल मुख्य करा आणि कॉलेजचा दुय्यम ठेवा. वनड्राइव्ह आणि ड्राइव्हमधले प्रकल्प खाली उतरवा. कॅडची ड्रॉइंग डीएक्सएफमध्ये, आकडे सीएसव्हीमध्ये आणि अहवाल पीडीएफमध्येही जतन करा, म्हणजे ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडतात. जेटब्रेन्सचे लायसन्स संपण्याआधी पदवीधरांची सवलत बघा. विभागाने या सगळ्याची सूचना मार्चमध्येच फलकावर लावावी, कारण एप्रिल संपता संपता विद्यार्थी परीक्षेत गुंततात आणि मग सूचना वाचायला कोणी थांबत नाही.